दोनशे पेपरांचं काय घेऊन बसलात?

८ नोव्हेंबर २०२१ रोजी गूगलच्या मुख्य पानावरच्या डूडलमध्ये डॉ. कमल रणदिवे झळकल्या. त्या दिवशी त्यांची १०४वी जयंती होती. मग वर्तमानपत्रं, पोर्टलं, शाळा-कॉलेजांचे व्हॉट्सॲप गट, सगळीकडे त्यांचा परिचय फिरू लागला. त्यातल्या जवळपास प्रत्येक मजकुरात एक वाक्य हमखास होतं: कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांनी दोनशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. लगेच पुढे पद्मभूषण, १९८२. झाला परिचय. दोनशे पेपरांत होतं काय, त्यातलं पुढे काय टिकलं, काय चुकीचं निघालं आणि कोणी कशाच्या जोरावर पुढचं पाऊल टाकलं, याचा पत्ता नाही.

दरवर्षी साधारण सप्टेंबरात आणखी एक बातमी येते. अमुक विद्यापीठातले तमुक प्राध्यापक जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस यांनी २०१९पासून प्रसिद्ध करायला घेतलेल्या यादीवर ही बातमी बेतलेली असते. सत्कार होतात, कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो.

पहिल्या मजकुरात भक्तिभाव आहे, दुसऱ्यात आकडेमोड. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: संशोधकाचा प्रभाव मोजता येतो, आणि तो किती छापलं व किती जणांनी त्याचा हवाला दिला यावरून मोजायचा. कर्करोगाच्या संशोधनात तरी ही समजूत टिकत नाही. तिथे कामाचा माग काढावा लागतो. मोजणी सोपी आहे म्हणून ती मागाच्या जागी बसवणं हा निव्वळ आळस आहे, आणि या आळसाला आता शासकीय मान्यताही मिळालेली आहे.

रणदिव्यांपासूनच सुरुवात करू. १९१७ साली पुण्यात जन्म, माहेरचं नाव समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, एम.एस्सी. सीताफळाच्या कुळाच्या गुणसूत्रांवर. लग्नानंतर मुंबई. तिथे टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम, आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. खानोलकर म्हणजे ज्यांनी कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची १९४५ साली शास्त्रीय नोंद केली, ते. आपल्याकडचा रोग आपल्या सवयींत शोधायचा, ही त्यांची दृष्टी.

डूडलच्या दिवशी फिरलेल्या मजकुरांत आणखी एक दावा होता. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असतो, हे रणदिव्यांनी जगात पहिल्यांदा सांगितलं म्हणे. हे खरं नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली बायकोच्या माहेरच्या घराण्यातल्या स्तनाच्या कर्करोगाची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद छापली होती. उंदरांत हा रोग आईच्या दुधावाटे पिल्लांकडे जातो, हे जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवलं. रणदिव्यांनी आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधांवर मुंबईत कसून काम केलं, हे वाक्य खरं आहे आणि पुरेसं आहे. पण 'जगात पहिल्या' असल्याशिवाय आपल्याला आपला माणूस मोठा वाटत नाही. मग त्याच्या खऱ्या कामाकडे बघायची तसदी कोण घेणार?

त्यांचं खरं काम कुठे होतं, हे समजायला बाल्टिमोरला जावं लागतं. पीएच.डी.नंतर त्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. याच गाय यांनी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी काचेच्या नळीत जगवल्या. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढत राहिल्याचं ते पहिलं उदाहरण. याच हेला पेशी. साल्क यांच्या पोलिओ लशीची तपासणी त्यांच्यावर झाली आणि पुढे तीन पिढ्यांचं कर्करोग संशोधन त्यांच्यावर उभं राहिलं. आता गाय यांनी या पेशींवर पहिल्यांदा छापलं काय, ते पाहा: १९५२ साली परिषदेच्या सारांशांत आलेली एक छोटीशी टिपणी. बाकी वेळ ते मागेल त्याला पेशी पाठवत राहिले. (लॅक्स कुटुंबाला कोणी काही विचारलं नाही, ती वेगळी आणि लाजिरवाणी गोष्ट.) आजच्या निवड समितीपुढे जॉर्ज गाय मुलाखतीला आले असते तर 'या विषयावर प्रकाशनं कमी' असा शेरा मारून त्यांना चहा पाजून परत पाठवलं असतं.

रणदिवे तिथून परतल्या त्या हे कसब घेऊन. १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, खानोलकर त्याचे संचालक. तिथे रणदिव्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा बसवली. 'बसवली' हा शब्द कागदावर फार लहान दिसतो. पेशी जगवायच्या तर ३७ अंश तापमान रात्रंदिवस टिकवावं लागतं, अन्नद्रव नेमाने बदलावा लागतो, काचसामान धुताना साबणाचा अंशही मागे राहता कामा नये. बुरशीचा एक कण शिरला की महिन्यांची मेहनत मोरीत. मुंबईचा पावसाळा आणि बुरशी यांचं सख्य सांगायला नको. हे शिकवण्यासाठी पेपर पुरत नाही. शेजारी उभं राहून हात कसा धरायचा ते दाखवावं लागतं, आणि असं शिकलेली माणसं पुढे दुसऱ्यांना शिकवतात. त्या साखळीचं सायटेशन, म्हणजे हवाला, होत नाही.

तीच कथा उंदरांची. याच केंद्रात आयसीआरसी नावाचा उंदरांचा शुद्ध वंश तयार झाला. त्यांच्यात स्तनाच्या गाठी आपोआप उद्भवत, रक्ताचा कर्करोगही दिसे. शुद्ध वंश म्हणजे सख्ख्या भावंडांचा संकर किमान वीस पिढ्या सलग. उंदराची गर्भावस्था तीन आठवड्यांची असली तरी पिल्लं वयात येऊन पुन्हा व्यायला वेळ जातो, म्हणजे वर्षाला तीन-चार पिढ्या. पाच-सहा वर्षं रोज पिंजरे साफ करायचे, नोंदवह्या भरायच्या, एक जोडी चुकली तर सुरुवातीपासून. मग कुठे इतरांना प्रयोगासाठी भरवशाचा प्राणी मिळतो. पेपर आणि हवाले मोजणाऱ्या एच-इंडेक्समध्ये या पाच वर्षांची किंमत शून्य.

दोनशे पेपर मोजणाऱ्यांनी खरं तर त्यातल्या एकाच पेपरचा माग काढायला हवा होता. १९५८ साली सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचं छापलं, तेही भारतीय नियतकालिकात. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही, आजही वाढत नाही. त्यामुळे हा दावा मोठाच होता. आणि तो मूळ अर्थाने उभा राहिला नाही. पुढच्या तपासण्यांत तो जंतू मायकोबॅक्टेरियम एव्हियमच्या गटातला निघाला, कुष्ठरोगाचा नव्हे. मोजणीवाल्यांच्या हिशेबी इथे विषय संपला. प्रत्यक्षात इथून सुरू झाला. आयसीआरसी बॅसिलस या नावाने ओळखला गेलेला तो जंतू सांभाळून ठेवला गेला. डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून कुष्ठरोगाची लस बनवली. दक्षिण भारतात चार लशींची तौलनिक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं, नुसत्या बीसीजीच्या जवळपास दुप्पट. पहिला दावा आणि हा निकाल यांच्यात चाळीस वर्षं गेली. १९९८च्या पेपराचा हवाला देणारे १९५८चा पेपर उघडत नाहीत. त्यात वावगं काही नाही, विज्ञान असंच चालतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी सांगून ठेवलंय की एखादं काम जितकं पुरतं मुरतं तितका त्याचा हवाला द्यायची गरज संपते. मग ज्या मापात मुरलेलं काम दिसतच नाही, ते माप प्रभावाचं कसं?

त्या आघाडीच्या दोन टक्क्यांच्या यादीचंही ऐका. संपूर्ण कारकिर्दीची म्हणून जी यादी काढतात, तिच्यात १९९६पासून पुढे मिळालेली सायटेशनं धरली जातात. पन्नाशीच्या, साठीच्या दशकांत मुंबईत ज्यांनी पाया घातला त्यांचं काम तोवर मुरून गेलं होतं. आयोनिडिस यांचा हेतू स्वतःच स्वतःचे हवाले देऊन आकडा फुगवणाऱ्यांना उघडं पाडण्याचाही होता, आणि तो चांगलाच होता. त्यावरून कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लावा असं त्यांनी सांगितलेलं नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो ऐकून घ्यायलाच हवा. मोजणी नको म्हणता, मग काय हवं? आपल्याकडे मोजणी नव्हती तेव्हा काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: वशिला, जात, विभागप्रमुखांची मर्जी आणि कुलगुरूंच्या बंगल्यावरच्या फेऱ्या. धुळ्याच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातल्या, मागे कोणी नसलेल्या पोराला आकड्याचा तरी आधार होता. त्याने दहा पेपर लिहिले, साहेबांच्या भाच्याने दोन. आकडा आंधळा असतो आणि त्याचं आंधळं असणं हाच न्याय, असं हा आक्षेप सांगतो.

यातलं दुःख खरं आहे. औषध मात्र उलटलं. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले, पेपरागणिक गुण. मग काय झालं? पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापून देणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या १००९ नियतकालिकांची छाननी केली. तिचा निष्कर्ष २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला: जवळपास ८८ टक्के नियतकालिकं दर्जाच्या निकषांत बसत नव्हती. वशिल्याच्या जागी पैसा आला, एवढाच फरक. साहेबांच्या भाच्याचे आता वीस पेपर आहेत, आणि धुळ्याच्या पोराकडे छपाईचे पैसे नाहीत. आंधळा आकडा गरिबाच्या बाजूने उभा राहील ही आशा तिथेच संपली.

यावर दुसरा आक्षेप येतो, जास्त शहाण्या माणसांचा. पेपरांची संख्या सोडा, सायटेशनं पाहा. बनावट नियतकालिकांतल्या पेपराला कोण विचारतं? चांगल्या कामाचा लोक हवाला देतातच.

देतात का? २०१२ साली ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी 'नेचर'मध्ये एक टिपण लिहिलं. बेगली ॲमजेन या औषध कंपनीत होते. नवी औषधं शोधायची म्हणून तिथल्या पथकाने कर्करोगावरचे ५३ गाजलेले पेपर प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिले. जमले ६. यापेक्षा बोलकी त्याच टिपणातली एक छोटी सारणी आहे. बड्या नियतकालिकांतल्या पेपरांपैकी जे पुन्हा जमले त्यांना सरासरी २३१ सायटेशनं होती, जे जमले नाहीत त्यांना २४८. एक पायरी खालच्या नियतकालिकांत तर खऱ्या निघालेल्यांना सरासरी १३ आणि न जमलेल्यांना १६९. म्हणजे सायटेशनं बघून खरं-खोटं ठरवणाऱ्याने नाणं उडवलं असतं तरी बरं झालं असतं.

ड्यूक विद्यापीठातलं अनिल पोट्टी प्रकरण याहून गंभीर. गाठीतल्या जनुकांच्या खुणांवरून कोणत्या रुग्णाला कोणतं रसायन लागू पडेल हे सांगता येतं, असा दावा त्यांच्या गटाने २००६पासून 'नेचर मेडिसिन'सारख्या नियतकालिकांत केला. सायटेशनांचा पाऊस पडला, आणि त्या दाव्यांच्या आधारे खऱ्या रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. एमडी अँडरसनचे कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी आकडे उलगडले तर रकाने एका ओळीने सरकलेले आणि खुणांची अदलाबदल झालेली. त्यांचं हे काम २००९ साली संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापलं गेलं, जे कर्करोगाचा डॉक्टर सहसा उघडत नाही. पोट्टींनी २०१० साली राजीनामा दिला, पेपर मागे घेतले गेले आणि २०१५ साली अमेरिकी सरकारच्या चौकशीने गैरवर्तनाचा ठपका ठेवला. या दोन बाजूंपैकी प्रभाव कोणाचा? सायटेशनं एका बाजूला आहेत, रुग्ण वाचवल्याचं श्रेय दुसऱ्या.

मुंबईतही एक जुनं उदाहरण आहे, त्यात लबाडी नाही, आणि म्हणूनच ते जास्त उपयोगी. १९७१ साली 'नेचर'मध्ये अमेरिकी व मुंबईच्या संशोधकांचा एक संयुक्त पेपर आला. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांच्या दुधात, उंदरांतला रोग दुधावाटे नेणाऱ्या बिटनरच्या विषाणूसारखे कण सापडतात का, हे पाहिलं होतं. कण दिसले. जगभर खळबळ माजली, माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू हाती लागला असं वाटू लागलं. पुढे तो धागा टिकला नाही. मुंबईच्या बाजूने त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती सिरसाट होत्या. याच सिरसाटांनी खानोलकरांबरोबर तोंड न उघडण्याच्या विकारावर, सबम्युकस फायब्रोसिसवर, १९६० साली काम केलं. तेव्हा संशय मिरचीतल्या तिखट द्रव्यावर होता; उंदरांच्या टाळूला ते लावून पाहिलं होतं. कारण शेवटी सुपारी निघालं, आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरवलं. पण हा विकार कर्करोगाआधीची पायरी आहे आणि त्याचं कारण खाण्याच्या सवयीत शोधायचं, हा प्रश्न मुंबईच्या प्रयोगशाळेने धरून ठेवला. गाजलेला पेपर वाऱ्यावर गेला, कमी गाजलेल्या कामाने दिशा दिली. कोणत्या आकड्यात हे उमटतं?

संख्या नेहमीच खोटं बोलते, असं मात्र नाही. कधी सायटेशनही भरघोस मिळतात आणि कामही खरं असतं. तोंडाच्या कर्करोगात गाठ लहान असेल तर मानेतल्या लसिका ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की त्या सुजल्यावर, हा पन्नास वर्षं घोळत राहिलेला प्रश्न होता. टाटा मेमोरिअलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने चाचणी लावली. तिचा निकाल २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला: ग्रंथी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिलेल्यांत ६७.५. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत त्याने वागणूक बदलली. पण तारखा बघा. रुग्ण घ्यायला सुरुवात जानेवारी २००४, निकाल २०१५. या प्रश्नावरची दहा वर्षं म्हणजे एपीआयच्या तक्त्यात दहा मोकळे रकाने.

डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तर १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखावर स्त्रियांची चाचणी सुरू केली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण. गर्भाशयमुखाला चार टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरचाच प्रकार, लावायचं आणि मिनिटभर थांबून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. ना सूक्ष्मदर्शक, ना पॅथॉलॉजिस्ट. दर दोन वर्षांनी एक फेरी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ साली अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कर्करोग परिषदेत मुख्य व्यासपीठावरून मांडला गेला. त्याच चाचणीचा स्तनाच्या कर्करोगाचा भाग 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून यायला २०२१ उजाडलं. तेवीस वर्षं! एवढ्या काळात एखादा चलाख माणूस तीनशे पेपर पाडून मोकळा होतो.

याच प्रकारच्या चाचणीवर जोरदार टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं, हा नैतिकतेचा प्रश्न परदेशी डॉक्टरांनी मांडला. संशोधकांचं उत्तर असं की देशात तपासणीची सोयच नव्हती, तेव्हा त्या गटाला मिळत होतं तेच इतरांना मिळत होतं. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो रास्त आहे. पण गंमत अशी की ज्या लेखात ही टीका आहे त्याच्या शेवटी मूळ पेपराचा हवाला असतो, आणि मोजणारं यंत्र त्याला आणखी एक सायटेशन म्हणून जमा करतं. निषेधाला आणि मुजऱ्याला एकच खाना.

आता या साऱ्या कामाचा माग शेवटपर्यंत नेऊन पाहू. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या शेजारी समुद्रकाठी पाली हे गाव आहे. मच्छीमारांची वस्ती, किनाऱ्यावर बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव. इथून परळच्या टाटा मेमोरिअलला जायचं तर आधी बसने भाईंदर स्टेशन, मग लोकलने दादर किंवा प्रभादेवी, मग पायपीट. कामाचा अख्खा दिवस जातो. पालीतल्या एखाद्या पस्तिशीच्या बाईच्या दृष्टीने शास्त्रींच्या पेपराला किती सायटेशनं आली याला काही अर्थ नाही. तिच्या जवळच्या आरोग्य केंद्रात कोणी व्हिनेगर लावून बघतंय का, एवढाच प्रश्न. कागदावर उत्तर 'होय' आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यात तीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी हीच पद्धत आहे. मुंबईच्या चाचणीचा हा सरळ आणि मोठा प्रभाव. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयोगटातल्या किती भारतीय स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी करून घेतली होती? १.९ टक्के.

म्हणजे मुंबईत सिद्ध झालेलं ज्ञान अमेरिकेतल्या व्यासपीठावर आधी पोचलं, नंतर दिल्लीच्या परिपत्रकात, आणि भाईंदरच्या खाडीच्या अलीकडे कुठे तरी अडकलं. प्रभाव मोजायचाच असेल तर तो इथे मोजा. अमेरिकेपर्यंत किती पोचला आणि पालीपर्यंत किती, यातलं अंतर सांगणारा इंडेक्स कोणी काढलेला नाही. काढला तर त्यात संशोधकांइतकेच महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि आशासेविका येतील, आणि ते कोणालाच परवडणार नाही.

ही कसोटी लावली की काही कामं लगेच वेगळी दिसतात. टाटाच्याच डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात निव्होल्युमॅब हे महागडं औषध अत्यल्प मात्रेत देऊन पाहिलं: तीन आठवड्यांनी एकदा २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. स्वस्त तोंडी औषधांच्या जोडीला ते दिलं तेव्हा वर्षभराने हयात असलेले रुग्ण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. रुग्ण फक्त १५१. कोणत्याही औषध कंपनीने ही चाचणी केली नसती; आपलं औषध दहापट कमी विकलं जावं म्हणून पैसे घालणारी कंपनी अजून जन्मायची आहे. तंबाखू-मशेरीच्या पट्ट्यातल्या, खिशात विमा नसलेल्या रुग्णाला या एका पेपराने जो दरवाजा किलकिला केला, तो सायटेशनांच्या आकड्यातून दिसत नाही. तो रुग्णालयाच्या औषधांच्या दुकानातल्या बिलावर दिसतो.

बार्शीचंही नाव घ्यायला हवं. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ साली ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याच भागातल्या अनुभवावर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांची चाचणी झाली. २००९ साली तिचा निकाल आला: एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. या पेपराने जगाचं धोरण एचपीव्ही तपासणीकडे वळवायला मोठा हातभार लावला. पेपरावर अठरा नावं आहेत. गावोगाव फिरून नोंदी करणारे, बायकांना समजावून केंद्रावर आणणारे शेकडो हात त्यात नाहीत, आणि असायला जागाही नव्हती.

मग समितीने करायचं काय? जगात यावर डोकं लढवून झालेलं आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत पेशीशास्त्रज्ञांच्या परिषदेत एक जाहीरनामा तयार झाला: नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस जोखू नका, काम वाचा. करायला फार काही लागत नाही. उमेदवाराने आपली पाच कामं निवडावीत. प्रत्येकाखाली एक पान: यातून पुढे काय झालं, कोणी वापरलं, काय चुकलं. बाहेरच्या तीन जणांनी ते तपासावं, आणि त्यांचं मत उमेदवाराच्या हातात पडावं, म्हणजे वशिल्याचा हात उघडा पडेल. पेपर नसतील तर वंश, पेशी, नोंदवह्या, शिकवलेले विद्यार्थी, बदललेलं परिपत्रक, जे असेल ते चालावं. ही पद्धत वेळ खाते, हे खरं. तीस उमेदवार असतील तर एका बैठकीत चहा-बिस्किटांवर निकाल लावता येणार नाही. चार दिवस बसून वाचावं लागेल.

कमल रणदिव्यांचं असं एक पान कोणी लिहायला घेतलं तर त्यात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा येईल, आयसीआरसी उंदीर येईल, चुकलेल्या ओळखीचा तो जंतू आणि त्यातून निघालेली लस येईल. १९७३ साली सहकारी स्त्री-वैज्ञानिकांबरोबर उभी केलेली इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन येईल. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर केलेलं काम येईल, ज्यावर कर्करोगाच्या एकाही नियतकालिकाने गुण दिले नसते. दोनशेचा आकडा त्या पानाच्या तळाशी, लहान अक्षरांत, द्यायचाच असेल तर द्यावा.